उचित म्हणजे फुकट

कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे फुकट. बेंगळुरूत नवा आलेला मराठी माणूस कन्नड अक्षरं लावायला शिकला की हा शब्द काही महिने तरी चुकीचा वाचतो. साबणाच्या वडीवर दुसरी वडी ‘उचित’ असते, शिबिरात डोळ्यांची तपासणी ‘उचित’ असते, आणि न्यायालयाच्या आवारात ‘उचित कानूनु नेरवु’ असते. ती पाटी वाचून त्याला वाटतं, इथे योग्य तो कायदेशीर सल्ला मिळतो. पाटीचं म्हणणं एवढंच की पैसे पडणार नाहीत. तो सल्ला मराठी अर्थानेही उचित असतो का, हा प्रश्न वेगळा. घर नाकारलं गेलं, डिपॉझिट बुडालं, परगावाहून आल्यावर कुलूप बदललेलं दिसलं, तर देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी माणसाने जायचं कुठे आणि गेल्यावर हाती काय लागतं, हे पाहताना दोन्ही अर्थ बरोबर ठेवावे लागतात.

बेंगळुरूच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. टिपू सुलतानाचं जन्मस्थान, जुना किल्ला, आणि भौगोलिक मानांकन मिळालेलं पपनस, ज्याला इथे चक्कोता म्हणतात. २४ मे २००८ रोजी इथला विमानतळ सुरू झाला आणि मळ्यांच्या कडेने तीन-तीन मजली भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्यावर मालक, वर दोन-तीन बिऱ्हाडं. विमानतळावरचे लोडर, टॅक्सीवाले, सुरक्षारक्षक, काउंटरवरच्या मुली, आणि अलीकडे फॉक्सकॉनच्या फोन कारखान्यातल्या कामगार, ज्यांत बहुसंख्य तरुण मुली आहेत. मराठी बोलणारेही भेटतात: खानापूर-निपाणीकडचे, भालकी-औरादचे, सोलापूर-लातूरचे. यांतले पहिले दोन गट कागदोपत्री कर्नाटकचेच, पण अर्ज कन्नडमध्ये लिहायची वेळ आली की त्यांचीही पंचाईत तीच.

घरावर पाटी असते: ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे घर भाड्याने देणे आहे. खाली इंग्रजी अक्षरांत कधी ‘फॅमिली ओन्ली’, कधी ‘व्हेज ओन्ली’. महाराष्ट्रात मालक आधी आडनाव विचारतो. जुन्या म्हैसूर भागात आडनाव लावायची चाल फारशी नाही. गावाच्या आणि वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांवर भागतं. त्यातून जात कळत नाही, म्हणून इथला पहिला प्रश्न असतो, व्हेज की नॉन-व्हेज? काम तो तेच करतो. मलाही एका मालकाने खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, गॅलरीत उभं करून वाराही दाखवला आणि मग हा प्रश्न टाकला. उत्तर ऐकल्यावर त्याला एकदम आठवलं की काल संध्याकाळीच दुसऱ्या कुणाचा तरी अॅडव्हान्स घेतला आहे. नकार इतका सभ्य असतो की त्याची तक्रार कुठल्या शब्दांत करावी तेच कळत नाही.

अशा नकारावर कायदा काय म्हणतो? फारच थोडं. राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवू नये असं सांगतं, आणि तेही खाजगी माणसांना. पण या यादीत भाड्याचं घर नाही. ते नसणं ठळकपणे जाणवतं, कारण घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी हाच अनुभव स्वतः घेतला होता. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. तो पथिकाश्रम आज असता तर हॉटेलाच्या नात्याने कलम १५(२) मध्ये बसला असता. त्यांना न मिळालेली भाड्याची खोली मात्र आजही त्या कलमाबाहेरच राहिली असती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम ग्राह्य धरला, तेव्हा समाजाने समाजापुरती घरं बांधण्याला मान्यताच मिळाली.

तरी दार अगदी बंद नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला अडवणं हा गुन्हा आहे, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कलम १२ त्याहून कामाचं: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचं असतं. एवढं हत्यार असून ते गंजलं. याचं एक कारण शिक्षेत दिसतं: एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. दुसरं कारण पोलिस ठाण्यात दिसतं, तिथे या कायद्याचं नाव घेतल्यावर समोरचा अट्रॉसिटीबद्दल बोलायला लागतो. तोही रस्ता आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हे गुन्हे ठरले, आणि आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत व्यवहार करायला किंवा सेवा द्यायला नकार देणंही येतं. एका मालकाच्या एका नकाराला ती व्याख्या ताणता येते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतात. शिवीगाळ झाली असेल, वस्तीतल्या लोकांनी मिळून हुसकावलं असेल, तर मात्र ताणायची गरज पडत नाही. कर्नाटकात या गुन्ह्यांसाठी नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालय नावाची स्वतंत्र पोलिस यंत्रणा आहे, आणि २०२५ पासून तिची स्वतःची पोलिस ठाणी आहेत.

आणखी दोन कायदे घराचं नाव थेट घेतात. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ आणि तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ या दोन्हींच्या कलम ३ मध्ये राहण्याचा, घर विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क डावलणं निषिद्ध आहे. म्हणजे भारतीय कायद्याला ‘घर भाड्याने नाकारू नका’ हे वाक्य लिहिता येतं. ते त्याने निवडक लोकांसाठीच लिहिलं. मुसलमान म्हणून नाकारलं, एकटी बाई म्हणून नाकारलं, लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं म्हणून नाकारलं, ईशान्येकडचा चेहरा पाहून नाकारलं, तर त्या नकाराविरुद्ध खाजगी मालकाला धरता येईल असं स्वतंत्र कलम नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात वेगवेगळ्या नावांनी घरं विचारून पाहिली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलितांना आणि त्याहून अधिक मुसलमानांना दारं बंद झालेली दिसली. सच्चर समितीने २००६ मध्येच समान संधी आयोग सुचवला होता, आणि शशी थरूर यांनी भेदभावविरोधी विधेयक खाजगी सदस्य म्हणून लोकसभेत मांडलं होतं. दोन्ही कागदावर राहिले.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याने फार निश्चिंत होऊ नये. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना, मराठी आहात म्हणून कार्यालयासाठी जागा मिळणार नाही, असं ऐकवलं गेलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, राजकीय पक्ष धावले, माफी मागितली गेली. गुन्हा नोंदला तो अडवणूक आणि धक्काबुक्कीचा. जागा नाकारण्याला लावता येईल असं कलम पोलिसांच्या पुस्तकात नव्हतंच.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घर नाकारण्यावर बंदी आणणारे कायदे एकाच वर्षी, १९६८ मध्ये आले. अमेरिकेचा फेअर हाउसिंग अॅक्ट मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सहीला गेला. तिथे स्वयंसेवी संस्था गोरा आणि काळा असे दोन ‘टेस्टर’ एकाच मालकाकडे पाठवतात आणि दोघांना मिळालेली उत्तरं न्यायालयात ठेवतात. थोरातांच्या अभ्यासाची रीत त्याच जातीची. त्या कायद्यालाही एक भोक आहे: मालक स्वतः राहत असलेल्या, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीला त्यातली बरीच बंधनं लागू होत नाहीत. देवनहळ्ळीतली बहुतेक भाड्याची घरं नेमकी अशीच आहेत. उद्या दिल्लीने अमेरिकन कायद्याची नक्कल केली, तरी आमच्या गल्लीत फरक पडेलच असं नाही.

उंबरठ्याच्या बाहेर कायदा असा कोरडा आहे. आत पाय पडला की मात्र तो बोलायला लागतो. ज्यांची तक्रार नकाराची आहे त्यांनी वकिलाकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि ज्यांची तक्रार राहत्या घराची आहे त्यांनी निराश होऊ नये, असं मी ओळखीच्यांना सांगतो. बहुतेक लोक नेमकं उलट वागतात. नाकारल्याचा संताप घेऊन वकिलाचा नंबर मागतात आणि बुडालेलं डिपॉझिट नशिबावर सोडून देतात.

डिपॉझिटला बेंगळुरूत अॅडव्हान्स म्हणतात आणि तो एके काळी सरसकट दहा महिन्यांच्या भाड्याएवढा असे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे आणि कर्नाटकात मालक तो ऐकून हसतात. कर्नाटक भाडे कायदा, १९९९ चं संरक्षणही बहुतेकांना मिळत नाही. मोठ्या शहरांत महिना साडेतीन हजारांहून आणि इतरत्र दोन हजारांहून जास्त भाडं असलेल्या घरांना तो लागू नाही. दोन हजारांत आज देवनहळ्ळीत खोली सोडा, पार्किंग मिळायची मारामार. मग उरतो मालमत्ता हस्तांतरण कायदा, करारातले शब्द आणि दिवाणी न्यायालय.

करार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षभराहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. पुण्या-मुंबईहून आलेल्याला हे खटकतं. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. इथे अकरा महिन्यांचा करार मुद्रांकावर छापून दोन सह्या केल्या की झालं. त्यातही मुद्रांक कमी लावलेला असेल तर न्यायालय तो कागद पुरावा म्हणून घेत नाही. कमी पडलेलं शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरल्यावरच घेतं. शंभर-दोनशे रुपये वाचवलेला करार गरजेच्या वेळी मुका होतो तो असा. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली महिन्याचं भाडं कापणं हा इथला रिवाज आहे. तो करारात लिहिलेला असेल तर भांडू नये, नसेल तर जरूर भांडावं. अॅडव्हान्स परत मिळवण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. बँकेतून पाठवलेली रक्कम, घर सोडतानाचे फोटो आणि किल्ली परत दिल्याचा मेसेज, एवढ्यावर दावा उभा राहतो.

कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर सर्वांत धारदार कलम हाताशी आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ याचं कलम ६ सांगतं की ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याच्या मार्गाने न जाता बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. घर कुणाच्या मालकीचं, भाडं थकलं होतं का, करार संपला होता का, हे प्रश्न तिथे आड येत नाहीत. सहा महिन्यांनंतर ही वाट बंद होते. पोलिस अशा वेळी ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून हात झटकतात. ताब्यापुरतं ते खरं असतं, धमकी आणि मारहाणीपुरतं नसतं, आणि ठाण्याची हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यावीच लागते.

इथल्या ‘भोग्य’ पद्धतीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिच्यात बुडालेले लोक मला जास्त भेटतात. मुंबईत ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतात तोच हा प्रकार. काही लाखांची रक्कम मालकाला एकदम द्यायची, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं, जाताना सगळी रक्कम परत. पाटीवर ‘भोग्यक्के इदे’ किंवा नुसतं ‘लीज’ लिहिलेलं असतं. व्यवहार गहाणखताच्या जवळचा, आणि शंभर रुपयांवरचं गहाण नोंदवल्याशिवाय कायद्यात उभं राहत नाही. पण लोक तो मुद्रांकावरच्या अकरा महिन्यांच्या करारावर करतात. मालकाने घरावर आधीच कर्ज घेतलेलं असतं. हप्ते थकले की बँक सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ताबा घ्यायला येते, आणि आयुष्याची बचत मालकाकडे ठेवून बसलेलं कुटुंब रस्त्यावर येतं. नोंदणीकृत करार नसलेल्या रहिवाशाचं म्हणणं तिथे फार चालत नाही. यावर वकिलाआधीचा उपाय स्वस्त आहे: पैसे देण्यापूर्वी राज्याच्या ‘कावेरी’ या नोंदणी पोर्टलवरून त्या मिळकतीचं बोजा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘ईसी’ म्हणतात, काढून पाहावं. पैसे दिल्यावर ते काढलं तर फक्त दुःख होतं.

पीजीतल्या मुलामुलींचा प्रश्न थोडा वेगळा. खोली, जेवण, वायफाय मिळून ती विकत घेतलेली सेवा असते, म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा होतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. कंपनीच्या वसतिगृहात राहणाऱ्या कामगार मुलीची कोंडी याहून मोठी. तिचा मालक आणि घरमालक एकच. नोकरी गेली त्या दिवशी खाटही जाते, आणि तक्रार कशाची करायची, नोकरीची की खाटेची, हे ठरवेपर्यंत ती गावाकडच्या बसमध्ये बसलेली असते.

आता त्या ‘उचित’ पाटीकडे. फुकट कायदेशीर मदत ही दया नव्हे. मुंबई सरकारने या प्रश्नावर समिती नेमली ती १९४९ मध्ये. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत कलम ३९अ आलं. १९७८ मध्ये एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला वकील देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ मध्ये आणि अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ मधली यादी वाचताना लोक एकाच ओळीवर अडखळतात, उत्पन्नाच्या. ती मर्यादा राज्य ठरवतं आणि ती इतरांसाठी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, जातीय अत्याचाराचा किंवा आपत्तीचा बळी, यांना उत्पन्नाची अट नाही. विमानतळावर लाखभर पगार घेणारी बाईसुद्धा पुरती पात्र आहे. फोन कारखान्यातली मुलगी तर स्त्री म्हणूनही आणि कामगार म्हणूनही. आमच्याकडच्या सुशिक्षित बायका हे ऐकून संकोचतात, ‘गरिबांचा हक्क कशाला घ्यायचा’ म्हणतात. तो हक्क त्यांच्याही नावावर लिहिलेला आहे.

यंत्रणेची पायरी जवळचीच आहे. देवनहळ्ळीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. तिच्यावर जिल्हा प्राधिकरण. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्याचं नाव बेंगळुरू उत्तर करायचं ठरवलं, तेव्हा कागदांवर दोन्ही नावं भेटली तर गोंधळू नये. राज्य प्राधिकरण बेंगळुरूत एच. सिद्धय्या रस्त्यावरच्या ‘न्यायदेगुल’ इमारतीत आहे. देगुल म्हणजे देऊळ. शब्द आपलाच आहे, फक्त वेगळ्या वाटेने आलेला. देशभराचा फोन नंबर १५१००. अर्ज साध्या कागदावर चालतो, तोंडी सांगितला तरी निमविधी स्वयंसेवकाने तो लिहून घ्यायचा असतो. उत्पन्नाचा दाखला मागून परत पाठवलं, तर कायद्याचं कलम १३ आठवावं: उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. अर्जावर निर्णय सात दिवसांत व्हायला हवा, असं २०१० चे नियम सांगतात. मंजूर झाला की वकिलाबरोबर न्यायालयीन शुल्क, समन्सचा खर्च, प्रमाणित नकला आणि कागदपत्रांचं भाषांतर हेही फुकट. मराठी करार किंवा मराठी पत्रं घेऊन कन्नड न्यायालयात उभं राहणाऱ्याने ही भाषांतराची सोय आवर्जून मागावी. न मागता ती कुणी देत नाही.

दावा लावण्याआधीची एक पायरी मला सर्वांत उपयोगाची वाटते. समितीकडे दावापूर्व अर्ज द्यायचा. समिती मालकाला नोटीस पाठवून बोलावते आणि समेटाचा प्रयत्न करते. न्यायालयाचा शिक्का असलेला लिफाफा पाहून कित्येक मालकांची स्मरणशक्ती सुधारते. समेट लोकअदालतीत नोंदला गेला की तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसतं. हे शेवटचं दुधारी आहे. साठ हजारांचा अॅडव्हान्स अडकलेल्याला ‘पस्तीस घ्या आणि मोकळे व्हा’ असं गोड बोलून पटवलं जातं, आणि सही झाली की पंचवीस हजारांवर कायमचं पाणी. लोकअदालतीच्या दिवशी निकाली प्रकरणांचा आकडा सगळ्यांनाच हवा असतो. त्या घाईला नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. बिल्डरशी किंवा प्लॉटवाल्याशी वाद असेल तर बेंगळुरूच्या स्थायी लोकअदालतीचं अधिकारक्षेत्र घरबांधणी आणि रिअल इस्टेट सेवांपर्यंत वाढलेलं आहे, एक कोटीपर्यंतच्या वादांसाठी. समेट झाला नाही तर ती स्वतः निकालही देऊ शकते. रेराचा, म्हणजे रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाचा, पर्याय आहेच. तिथे वकील लागत नाही, पण हातात आदेश आल्यावर वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जे खेटे सुरू होतात, त्यांची तयारी ठेवावी.

मग फुकटचा वकील चांगला असतो का? काही फार चांगले असतात. मेहनताना इतका तुटपुंजा की त्यावर कुणाचं घर चालत नाही, त्यामुळे पॅनेलवर एकीकडे तळमळीने येणारे आणि दुसरीकडे शिकाऊ, असे दोन टोकांचे लोक सापडतात. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये मोठ्या राज्यांत कर्नाटक पहिलं आहे. त्याच अहवालात देशाचा कायदेशीर मदतीवरचा दरडोई वार्षिक खर्च साडेसहा रुपयांच्या आसपास आहे. पहिला क्रमांक कुठल्या शर्यतीतला ते त्यावरून समजावं. वकील तारखेला येत नसेल, वरून पैसे मागत असेल तर समितीकडे लेखी तक्रार करून दुसरा मागता येतो, आणि त्याचा राग धरून अर्ज बंद करता येत नाही.

सरकारी चौकटीबाहेर बेंगळुरूत काही जुनी ठिकाणं आहेत. नागरभावीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात विद्यार्थ्यांचं विधी सेवा केंद्र आहे. २००० मध्ये सुरू झालेलं अल्टरनेटिव्ह लॉ फोरम भेदभावाच्या, लैंगिक अल्पसंख्याकांच्या आणि कष्टकऱ्यांच्या प्रकरणांत नाव कमावून आहे. बायकांसाठी विमोचना ही संस्था आहे. अडचण अंतराची. देवनहळ्ळीहून नागरभावी म्हणजे शहराचं दुसरं टोक, आणि रोजंदारीचा एक दिवस. मानवी हक्क आयोगाकडे साधं पत्र चालतं, पण त्याचा हात सरकारी सेवकांपर्यंतच पोचतो. घरमालकाविरुद्धची तक्रार तिथून परत येते. पोलिसाने ती घेतली नाही, ही तक्रार मात्र टिकते.

शेवटी जमिनीबद्दल, कारण देवनहळ्ळीत घराचा वाद खणला की खाली जमीन लागते. चन्नरायपट्टण होबळीतल्या (महसुली मंडळातल्या) १३ गावांची १,७७७ एकर जमीन एरोस्पेस पार्कसाठी घ्यायला निघालेल्या सरकारविरुद्ध शेतकरी एप्रिल २०२२ पासून १,१९८ दिवस बसून राहिले आणि १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी ते संपादन सोडून दिल्याचं जाहीर केलं. इतकी माणसं आणि इतके दिवस प्रत्येकाकडे नसतात. एकेकट्या दलित कुटुंबाच्या हाती १९७८ चा कायदा आहे, इथे ज्याला नुसतं ‘पीटीसीएल’ म्हणतात. सरकारने अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन परवानगीशिवाय विकली गेली असेल, तर तो व्यवहारच रद्द ठरतो आणि जमीन मूळ कुटुंबाला परत मिळू शकते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वाजवी मुदतीत’ अर्ज हवा असं म्हटल्यावर शेकडो अर्ज पडले. २०२३ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून मुदतीची ती अडचण काढायचा प्रयत्न केला. अर्ज उपविभाग अधिकाऱ्याकडे, म्हणजे देवनहळ्ळीकरांसाठी दोड्डबळ्ळापुरात, करायचा. त्यासाठीही तालुका समितीकडून वकील मागता येतो. आणि जो मराठी इंजिनिअर पुण्याचा फ्लॅट विकून इथे ‘बियापा अप्रूव्हड’, म्हणजे विमानतळ परिसर नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेली, साइट (प्लॉट) घ्यायला निघाला आहे, त्याने हाच कायदा उलट्या बाजूने वाचावा: ती जमीन पूर्वी कुणाला दिलेली होती, हे जुन्या फेरफारांत पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

समितीकडे जाताना कराराची प्रत, पैसे पाठवल्याचे बँकेचे कागद, ओळखपत्र, जातीचा मुद्दा असेल तर जातीचा दाखला आणि मेसेजच्या छापील प्रती न्याव्यात. मूळ मेसेज फोनमधून पुसू नयेत. न्यायालयात छापील प्रतीबरोबर त्या फोनबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. घर नाकारलं असेल तर ‘का’ हे फोनवर न विचारता मेसेजने विचारावं. मालक सहसा लिहून उत्तर देत नाहीत, पण एजंट देतात, आणि तेही निर्धास्तपणे, मुस्लिम चालणार नाहीत वगैरे. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, कारण निर्णयाचे ते सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.